खंडन कसं करावं: होतकरूंसाठी सुलभ मार्गदर्शिका (यशवंतपूर आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

यशवंतपूर जंक्शनवर पंढरपूरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मराठी माणसाच्या हातात कुणीतरी चार पानी पत्रक ठेवतं. ते बहुधा कन्नडमध्ये असतं, नाहीतर इंग्रजीत. कपाळावरचा बुक्का बघून एखादा कार्यकर्ता पिशवीच्या तळातून मराठीतलंही शोधून काढतो. तुमच्या ग्रंथांचा खरा अर्थ तुम्हाला कळलेला नाही, तो आम्हाला कळला आहे, असं त्यात अत्यंत प्रेमाने सांगितलेलं असतं. गाडीला अवकाश असतो, खिशात पेन असतं आणि डोक्यात सणसणीत उत्तर तयार असतं. अशा होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका.

धर्म कोणताही चालेल. मात्र विद्या शिकायची तर घराण्याची शिकावी, म्हणून इथले नमुने मुख्यतः मध्ययुगीन ज्यू लेखकांचे आहेत. साधारण 1170 ते 1600 या काळात स्पेन, फ्रान्स, जर्मनी आणि लिथुएनियातल्या ज्यू पंडितांनी ख्रिस्ती प्रचाराला उत्तरं लिहिली. राज्य समोरच्याचं, कायदा समोरच्याचा, संख्याही समोरच्याचीच. इतक्या गैरसोयीत ही कला दुसऱ्या कुणी क्वचितच जोपासली असेल. या कलेची मराठी शाखा 1831 साली मुंबईत उघडली. तिचे धडेही सोबत जोडले आहेत.

लागणारं साहित्य

1. स्वतःचा धर्मग्रंथ, शक्यतो वाचलेला.

2. समोरच्याचा धर्मग्रंथ, नक्की वाचलेला. 1170च्या सुमारास याकोब बेन रूबेन या लेखकाला मत्तयाच्या शुभवर्तमानावर टीका करायची होती. हिब्रूत ते उपलब्ध नव्हतं, म्हणून त्याने त्यातले उतारे आधी स्वतः हिब्रूत आणले आणि मग त्यांच्यावर तुटून पडला. आळशी माणसाने या क्षेत्रात येऊ नये.

3. आपल्यातून फुटून पलीकडे गेलेला एक विद्वान. याच्याशिवाय मोठा वाद सुरूच होत नाही. पॅरिसला निकोलस डोनिन, बार्सिलोनाला पाब्लो क्रिस्तियानी, तोर्तोसाला हेरोनिमो दे सांता फे, हे तिघेही जन्माने ज्यू. घरचं कपाट कुठल्या किल्लीने उघडतं, ते घरच्यालाच ठाऊक असतं.

4. भरून ठेवलेली बॅग. कारण दुसऱ्या पायरीत येईल.

पुस्तकांसाठी यशवंतपूरहून फार लांब जायला नको. बेन्सन टाऊनमध्ये 1910 साली स्थापन झालेलं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. खंडनाची पुस्तकं हवी असतील तर ज्याचं खंडन केलं त्याच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी, असा अनुभव आहे. तो का, ते शेवटी सांगू.

पायरी पहिली: पंच कोणाचा, ते बघा

1240 साली पॅरिसला डोनिनने ज्यूंच्या तालमूद ग्रंथावर आरोपपत्र ठेवलं. उत्तर द्यायला रब्बी येहिएल उभे राहिले. समोर राजमाता ब्लांश बसलेल्या. डोनिनने तालमूदमधले काही जहरी उल्लेख काढून दाखवले आणि म्हणाला, हे येशूबद्दल आहेत. येहिएल यांनी सांगितलं की हा येशू निराळा. एका नावाची दोन माणसं असू शकतात. फ्रान्समध्ये जन्मलेला प्रत्येक लुई काही राजा नसतो.

गादीवर तेव्हा नववा लुईच होता, हे ध्यानात घेतलं म्हणजे या उत्तराची लज्जत कळते. पावणेआठशे वर्षांनीही अभ्यासक ते चवीने सांगतात. पण पुढे काय झालं? 1242 साली तालमूदच्या हस्तलिखितांनी भरलेल्या चोवीस गाड्या पॅरिसमध्ये जाळल्या गेल्या. छापखाना अजून दोनशे वर्षं दूर होता, म्हणजे त्यातलं पान अन् पान कुणीतरी हाताने लिहिलेलं होतं.

होतकरूंनी वहीत नोंद करावी: वाद जिंकणं आणि निकाल आपल्या बाजूने लागणं ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं तुमच्याकडे असू शकतं. दुसरं पंचाकडे असतं.

पायरी दुसरी: मनमोकळं बोलण्याची परवानगी मागा, मिळाली तर सावध व्हा

जुलै 1263, बार्सिलोना. आरागॉनचा राजा पहिला हाइमे याने जिरोनाचे रब्बी मोशे बेन नाहमान यांना वादाला बोलावलं. वय सत्तरीला टेकलेलं. त्यांनी पहिली अट घातली, मनात येईल ते बोलू द्या. राजाने मान्य केली आणि चार बैठका झाल्या.

नाहमानांचे दोन डाव शिकण्यासारखे आहेत. पाब्लो क्रिस्तियानी ज्यूंच्याच जुन्या कथांमधून येशूच मसीहा असल्याचं सिद्ध करू पाहत होता. नाहमान म्हणाले, आमची पुस्तकं तीन प्रकारची. बायबल आम्हाला प्रमाण, तालमूद हा नियमांचा खुलासा, आणि या कथा म्हणजे तुमच्या बिशपने दिलेल्या प्रवचनासारख्या. कुणाला पटल्या तर छान, नाही पटल्या तरी धर्म बुडत नाही. विरोधकाने तासभर रचलेला मनोरा खालची वीट काढून घेऊन पाडायचा, तो असा.

दुसरा डाव राजाच्या तोंडावर टाकलेला. मसीहा आला की तलवारींचे नांगर होतील, असं संदेष्ट्याने सांगितलं आहे. जग तर अजून हाणामारीतच रमलेलं दिसतं. आणि महाराज, युद्धविद्या बंद झाली तर तुमचं आणि तुमच्या सरदारांचं कसं व्हायचं?

राजा खूश झाला. चुकीची बाजू इतकी चांगली मांडणारा माणूस आपण पाहिला नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि तीनशे नाणी बक्षीस देऊन त्याने त्यांना निरोप दिला. नाहमानांनी वादाचा वृत्तांत लिहिला, जिरोनाच्या बिशपने मागितला म्हणून त्यालाही दिला, आणि 1265 साली त्या लेखनाबद्दलच डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी तक्रार गुदरली. 1267 साली म्हातारा जिंकलेला वाद बरोबर घेऊन, घरदार सोडून पॅलेस्टाइनला पोचला. बॅग भरून ठेवा असं म्हटलं, ते यासाठी.

पायरी तिसरी: मागची-पुढची ओळ वाचा

खंडनातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत धारदार हत्यार हेच. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, एक तरुणी मुलाला जन्म देईल, असं वचन आहे. ख्रिस्ती परंपरेने ते येशूच्या जन्माला लावलं. ज्यू लेखक म्हणाले, अध्याय वरून वाचा. यहूदाचा राजा आहाज घाबरून गेला आहे, कारण शेजारचे दोन राजे एकत्र येऊन यरुशलेमवर चालून आले आहेत. यशया त्याला धीर देतो आणि खूण सांगतो: हे मूल बरंवाईट ओळखू लागायच्या आत त्या दोन राजांचा प्रदेश ओस पडेल. खूण आहाजसाठी आहे, म्हणजे त्याच्या हयातीत पटायला हवी. सातशे वर्षांनंतरच्या जन्माची खूण त्याला देणं म्हणजे यशवंतपूरच्या फलाटावर खोळंबलेल्या माणसाला, तुमच्या पंचविसाव्या पिढीतल्या नातवाची गाडी अगदी वेळेवर सुटेल, असं सांगणं.

वाद इथे मिटला असं समजून पिशवी उचलू नका. समोरचा म्हणतो, भविष्यवाणीला दोन मजले असतात, खालचा आहाजसाठी, वरचा आमच्यासाठी. यावर कुठल्याच बाजूचं शेवटचं उत्तर अद्याप आलेलं नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक अजून लिहीत आहेत.

इथे या व्यवसायाचा अलिखित नियम सांगायला हवा. आपल्या ग्रंथातली अवघड जागा लाक्षणिक असते. समोरच्याच्या ग्रंथातली अवघड जागा शब्दशः घ्यायची असते. हा नियम सर्व धर्मांचे खंडनकार कुठलाही करार न करता पाळत आले आहेत.

पायरी चौथी: संवाद लिहा, कागदावर

प्रोव्हान्सात राहणाऱ्या योसेफ किम्ही यांनी बाराव्या शतकात ‘सेफेर हाब्रित’ लिहिलं. त्यात एक श्रद्धाळू आहे आणि एक पाखंडी, म्हणजे ख्रिस्ती. या प्रकारात समोरचा माणूस आपण म्हणू तेव्हा बोलतो आणि वेळेवर गप्प होतो. किम्हींनी निव्वळ वचनांचा कीस काढला नाही, आचरणाचाही हिशेब मांडला: आमच्यात खून आणि वाटमाऱ्या तेवढ्या आढळत नाहीत, आम्ही मुलांना शिकवतो, मुलींना मर्यादेत वाढवतो. तुमचं काय?

होतकरूंनी हा प्रयोग यशवंतपूरच्या फलाटावर तोंडी केला, तर साधारण असं घडतं:

“अंकल, येशू तुमच्यावर प्रेम करतो.”

“यशया सातवा अध्याय वाचलायस का?”

“पूर्ण नाही वाचला, अंकल.”

“आधी वाच. मग आहाज कोण ते सांग.”

“सांगतो. पण अंकल, तुम्ही पंढरपूरचे ना? गाडी या फलाटावर नाही येत आज. आत्ता अनाउन्स केलं, कन्नडमध्ये. द्या ती बॅग इकडे, जिना चढायचाय.”

या वळणावर काय उत्तर द्यावं, हे किम्हींनी लिहिलेलं नाही. बॅग द्यावी.

पायरी पाचवी: उपहास (केवळ अनुभवी विद्यार्थ्यांसाठी)

1391 साली स्पेनमध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले आणि हजारो लोकांचं जबरीने धर्मांतर झालं. प्रोफियात दुरान हा विद्वान त्यांपैकीच एक. कागदोपत्री तो ख्रिस्ती झाला. काही वर्षांनी त्याने नव्या धर्मातच रमलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं. तू वाडवडिलांसारखा होऊ नकोस, हे त्याचं पालुपद. ते बापडे बुद्धी वापरत बसले, तू वापरू नकोस. त्यांना देव एकच वाटला, तू त्या साधेपणावर थांबू नकोस. सगळं पत्र असं मन लावून केलेल्या उपदेशाचं.

सांगतात की ख्रिस्ती वाचकांनी आधी ते आपल्या धर्माची स्तुती म्हणून वाचलं. त्याच्या हिब्रू शीर्षकाचं ‘अल्तेका बोतेका’ असं धेडगुजरी लॅटिन नावही पडलं. धडा: उपरोधिक मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने, ती कुणीतरी खरी मानणार, हे गृहीत धरावं. प्रस्तुत लेखकाने धरलं आहे.

याच दुरानने पुढे सरळ टीकेचं पुस्तकही लिहिलं. त्यात त्याने ख्रिस्ती ग्रंथच पुरावा म्हणून मांडले: येशू स्वतः मोशेचं नियमशास्त्र पाळत होता, ते बाजूला सारलं नंतरच्या लोकांनी, असं त्याचं म्हणणं. उपहासाने माणूस हसतो, अशा पुराव्याने विचारात पडतो. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करावं.

पायरी सहावी: वाचक निवडा

होतकरूंची हमखास चूक इथे होते. त्यांना वाटतं, उत्तर समोरच्याला द्यायचं असतं.

हस्दाई क्रेस्कास हे आरागॉनमधल्या ज्यूंचे मोठे पुढारी. 1391च्या हल्ल्यात बार्सिलोनाला त्यांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. सातेक वर्षांनी त्यांनी ख्रिस्ती सिद्धांतांचं खंडन लिहिलं, आणि ते कॅटलान भाषेत लिहिलं. मूळ प्रत टिकली नाही, 1451 साली झालेला हिब्रू अनुवाद तेवढा उरला. मुलाबद्दल त्यांनी लिहिलेलं शोकपत्र उपलब्ध आहे. खंडनात मात्र देवाचं त्रिविध रूप, मूळ पाप, अवतार असा एकेक सिद्धांत घेऊन, थंड डोक्याने तर्क केलेला आहे. कारण वाचक समोरचा बिशप नव्हता. वाचक शेजारच्या गल्लीतला तो माणूस होता, जो काल चर्चमध्ये जाऊन आला आणि आज रात्री झोपू शकत नव्हता. बिशपचं मत बदलणार नाही, हे क्रेस्कासना ठाऊक होतं. या माणसाचं अजून ठरायचं होतं.

खंडन आपल्या घरच्यांसाठी असतं, पत्ता फक्त समोरच्याचा असतो. एवढं कळलं, तर बाकीच्या पायऱ्या नाही आल्या तरी चालतील.

पायरी सातवी: मराठी शाखा, किनारा आणि शाळा

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि मराठी शिकून वादाला बसले. 1831 साली मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढलं. विल्सननी 1832 साली इंग्रजीत त्याला उत्तर छापलं. मग साताऱ्याचे नारायणराव पुढे सरसावले, तर 1834 साली विल्सनचं दुसरं उत्तर हजर. राज्य इथेही समोरच्याचंच होतं, पण कंपनी सरकार पंच म्हणून बसत नव्हतं. गाड्या भरून ग्रंथ जाळायला कुणी आलं नाही. मराठी खंडनकारांना मिळालेली ही सवलत येहिएल आणि नाहमान यांना मिळाली असती, तर त्यांनी आणखी किती लिहिलं असतं!

1857च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत होते. इथे राजवाडा नाही, राजमाता नाही. पंच म्हणजे संध्याकाळी जमलेली गर्दी. मे महिन्यात हे वाद थांबले, तोवर उत्तरेत वेगळ्याच हत्यारांनी वाद सुरू झाला होता. ज्यांना आवाज आहे आणि समुद्र जवळ आहे, त्यांनी ही पद्धत जरूर वापरावी. यशवंतपूरकरांना समुद्र नाही, त्यांनी मार्केट यार्डातल्या कांद्याच्या लिलावाशी आवाजाची स्पर्धा करू नये.

आता आपल्याकडचे ज्यू. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. कोचीनचा मायकेल सार्गन हा ख्रिस्ती झालेला ज्यू 1826 साली मुंबईत आला आणि त्याने त्यांच्यासाठी शाळा काढल्या. म्हणजे साहित्याच्या यादीतली तिसरी वस्तू हजर. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशननेही बेने इस्राएल मुलांना शिकवलं. विल्सननी तर 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आता बार्सिलोनासारखा प्रसंग घडणार, असं वाचकाला वाटेल.

घडलं ते असं. बेने इस्राएल मंडळी शाळेत गेली, हिब्रू शिकली, गुरुजींना नमस्कार करून घरी आली आणि पूर्वीपेक्षा पक्की ज्यू झाली. ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. मिशनच्या हिब्रूतून त्यांना स्वतःचेच ग्रंथ वाचता आले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली समाजाची स्वतःची शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि 1897 साली आपल्या लोकांचा इतिहास लिहून काढला. इथे कुणी कुणाचं तोंड बंद केलं नाही. घरातल्या माणसाला मराठीत प्रार्थना करता येऊ लागली, आणि क्रेस्कासना दुसरं काय हवं होतं?

संभाव्य दुष्परिणाम

यहोशुआ लोर्की या वैद्याने, ख्रिस्ती झालेल्या आपल्या विद्वान गुरूला सडेतोड शंकांचं पत्र पाठवलं होतं. 1412च्या सुमारास तो स्वतःच ख्रिस्ती झाला. तोच हेरोनिमो दे सांता फे. 1413 आणि 1414 मध्ये तोर्तोसाला जो वाद चालला, त्यात ख्रिस्ती बाजू त्याने मांडली. बैठका 69.

ही बाधा फक्त स्पेनमध्ये होते असं नाही. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे यांनी ख्रिस्ती मताविरुद्ध ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि 1848 साली बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. समोरच्याचा ग्रंथ नक्की वाचा, असं या मार्गदर्शिकेने सुरुवातीला सांगितलं होतं. वाचल्यावर वाचणाऱ्याचं काय होईल, याची हमी ती घेत नाही. ज्याला उत्तर देता येतं त्याला प्रश्न समजलेला असतो, आणि समजलेला प्रश्न कुठल्या रात्री उठून बसेल, ते सांगता येत नाही.

परीक्षा

आपण उत्तीर्ण झालो, हे कसं ओळखावं? टाळ्यांवरून नाही. बक्षिसावरून तर नाहीच, ते नाहमानांनाही मिळालं होतं.

ज्यू खंडनग्रंथ शतकानुशतकं हस्तलिखितांत, घरात लपवून ठेवलेले होते. छापणं धोक्याचं होतं. ते छापले कुणी? योम तोव लिपमान म्युलहाउझेन यांचा ‘निज्जाहोन’ 1644 साली हाक्श्पान या ख्रिस्ती प्राध्यापकाने छापला. लिथुएनियातल्या त्रोकीच्या इसहाकचा ‘हिज्जुक एमुना’ 1681 साली वागेनसाइल या दुसऱ्या ख्रिस्ती विद्वानाने लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. खंडनाची अशी पुस्तकं एकत्र करून त्याने संग्रहाला नाव दिलं ‘सैतानाचे अग्निबाण’. हेतू असा की ख्रिस्ती पंडितांनी ती वाचावीत आणि चिरडून टाकावीत. पंडितांनी वाचली, आणि पुढच्या शतकात व्हॉल्टेअरनेही वाचली. चर्चवर टीका करायला त्याला इसहाकचा मालमसाला आयताच मिळाला. मुंबईत मोरभटांचं म्हणणंही इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं विल्सननीच, आपल्या उत्तराला त्याचं भाषांतर जोडून.

तेव्हा समोरच्याने तुमचं पुस्तक स्वखर्चाने छापलं, की तुम्ही पास. मात्र हस्तलिखित बाहेर सोडण्यापूर्वी एकदा नीट तपासून घ्या. त्या आवृत्तीची मुद्रितं तुमच्याकडे येणार नाहीत, आणि मलपृष्ठावरचा मजकूरही तेच लिहिणार आहेत.